सबवूफरसाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना

मुकुंदवाडीहून जालना रोडला गाडीचं साउंड बसवायला निघालात, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॉट क्षणभराचे असतात. सलग मिळणारी ताकद ‘आरएमएस’ वॉटमध्येच कळते. सबवूफर 300 वॉट आरएमएसचा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरही साधारण तेवढ्याच आरएमएसचा हवा. छोटा अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवला, की आवाज फाटतो आणि सबवूफरची कॉइल जळू शकते.

खरी गफलत होते ती ओहममध्ये. 4 ओहमचे दोन सबवूफर पॅरलल जोडले तर 2 ओहम होतात, सिरीजमध्ये 8. अ‍ॅम्प्लिफायर 2 ओहमवर चालतो का, हे विकत घेण्याआधीच पाहा. नुसत्या सबवूफरसाठी ‘क्लास डी’ मोनो अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा. तो वीज कमी खातो, तापतोही कमी. मराठवाड्यातल्या 40 अंशांच्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं.

500 वॉट आरएमएससाठी बॅटरीकडून सुमारे 45 अँपिअर करंट लागतो. वायर जाड आणि अस्सल तांब्याची घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा; त्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.