जोखीम घेणारी पोरं अभ्यासिकेत बसली आहेत

बुलढाणा, चिखली, मेहकर, कुठल्याही गावातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, स्वतःचं काही सुरू का करत नाहीस? उत्तर ठरलेलं असतं : "रिस्क आहे, सर." हाच मुलगा पुढची चार-पाच वर्षं अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी असं एकामागून एक काहीतरी देत बसतो. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. एवढ्या कमी शक्यतेवर वयाची सर्वांत उमेदीची वर्षं लावायला छाती लागते. आपल्या जिल्ह्यातली पोरं जोखमीला घाबरतात, हे मला तरी पटत नाही. ती मोठी जोखीम घेतात, फक्त तिला कोणी जोखीम म्हणत नाही.

असं का होतं, याचं उत्तर अर्थशास्त्रापेक्षा मानसशास्त्रात अधिक सापडतं. आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलेला एक सिद्धांत विद्यार्थ्यांच्या उद्योजकतेवरच्या अभ्यासात आज सर्रास वापरला जातो. त्याचं सार असं : एखादी गोष्ट करायचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो. ती आपल्याला चांगली वाटते का, आपल्या जवळच्या माणसांना ती पसंत आहे का, आणि ती आपल्याला जमेल असं वाटतं का.

यातली मधली गोष्ट आपल्याकडे फार भारी पडते. परीक्षेत पाच वेळा नापास झालेला मुलगा "तयारी करतोय". त्या शब्दाला गावात मान आहे. दुकान टाकून वर्षात बंद केलेला मुलगा मात्र "बुडाला". त्यातून सोयरीक जमवायची वेळ आली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न, "पोरगं काय करते?" स्वतःचा व्यवसाय आहे म्हटलं की पुढचा प्रश्न शेती किती आहे हा असतो. नोकरी म्हटलं की चहा येतो. कॉलेजातल्या उद्योजकता कक्षाने कितीही फलक लावले, तरी या एका प्रश्नापुढे ते टिकत नाहीत.

दुसरं कारण तोट्याच्या हिशेबात आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभर रुपयांचं दुःख माणसाला जास्त बोचतं. परीक्षेच्या तयारीतला तोटा हप्त्याहप्त्याने होतो. खोलीभाडं, मेस, क्लासची फी, सोयाबीन विकून बाप पाठवत राहतो आणि एकूण किती गेले ते कोणी मांडत नाही. धंद्यातला तोटा एका दिवशी होतो, शटर खाली येतं आणि ते सगळा बाजार पाहतो. दोन्हीकडे पैसे सारखेच गेलेले असू शकतात.

मग उद्योजक होतो तो कोण? हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलं. त्यांचा रिंग फेकण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खुंटीवर रिंग टाकायची, किती अंतरावर उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण खुंटीला अगदी चिकटून उभे राहतात, काही जण उगाच लांबून नशीब आजमावतात. ज्यांच्यात काहीतरी साधून दाखवण्याची ओढ जास्त असते, ते मधलं अंतर निवडतात, म्हणजे चुकू शकतं, पण कौशल्य लावलं तर जमेल एवढं. हे वाचलं की पुन्हा तलाठी भरती आठवते. आपण हुशार पोरांना सगळ्यात लांबच्या रेषेवर नेऊन उभं केलं आहे.

मॅक्लेलँड पुढे भारतात आले. १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या संस्थेत त्यांनी ही ओढ वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं. नंतर पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त गुंतवणूक केली होती, जास्त माणसं कामाला लावली होती. उद्योजकता विकासाच्या वर्गात आजही 'सिद्धी प्रेरणा' नावाचं जे सत्र असतं, त्याचं मूळ तिथे आहे. उद्योजक जन्मावा लागतो, धंदा रक्तात असावा लागतो, ही समजूत काकिनाड्यातच मोडीत निघायला हवी होती. आपल्याकडे ती अजून ठणठणीत आहे, कारण ती सोयीची आहे. "त्याच्यात ते नाहीच" म्हटलं की शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते.

"मला जमेल" ही भावना येते कुठून, हे अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये सांगितलं. सर्वांत पक्का झरा म्हणजे स्वतः केलेलं आणि जमलेलं छोटं काम. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणं. भाषणं, शाबासकी, प्रोत्साहन यांचा नंबर त्यानंतर. आपली महाविद्यालयं मात्र या तिसऱ्यावरच सगळा भर देतात. पाहुणा येतो, शाल-श्रीफळ होतं, स्टीव्ह जॉब्जने गॅरेजमध्ये काय केलं ते सांगतो. लोणार तालुक्यातल्या मुलीला त्या गॅरेजशी काय देणंघेणं?

तिने पाहायचं तर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागातली शेडनेट पाहावीत. मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बियाणं तिथे तयार होतं. मिरची-टोमॅटोत उमलण्याआधीच मादी झाडाची कळी चिमट्याने उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, नर झाडाचा पराग लावायचा, खूण करायची. हे एकेका फुलाला करायचं. बियाणं तपासणीत शुद्ध निघालं तर कंपनी घेणार, नाही तर हंगाम वाया. जोखीम मोठीच आहे. तरी हे काम गावोगाव पसरलं, ते काही व्याख्यानांनी नाही. शेजाऱ्याचं शेडनेट दिसलं, त्याच्याकडे मजुरीला गेलेल्या बायकांना क्रॉसिंगचा हात बसला, त्याला किती सुटले ते चहाच्या टपरीवर कळलं, मग दुसऱ्याने टाकलं. बँडुरांचं म्हणणं एवढं स्पष्ट दाखवणारी जागा दुसरीकडे शोधायला नको. कॉलेजने एक एसटी करून मुलांना तिथे न्यावं.

छोट्या सुरुवातीचंही उदाहरण जिल्ह्यातच आहे. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये बुलडाणा अर्बन पतसंस्था सुरू केली, तेव्हा सभासद होते ७२ आणि भांडवल १२ हजार रुपये. माणशी दोनशे रुपयेही नव्हते. आज तिच्या शेकडो शाखा आहेत आणि शेतमाल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देण्याचं तिचं काम शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला घेतली, तेव्हा त्यांच्याकडेही कुठला पंचवार्षिक आराखडा नव्हता. सरस सरस्वती या संशोधिकेने मुरलेल्या उद्योजकांची विचारपद्धती तपासून २००१ मध्ये हेच मांडलं : किती मिळेल याच्या अंदाजापेक्षा किती गेलं तर चालेल, हे ते आधी ठरवतात. हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे, तिथून सुरुवात करतात. आपल्या वर्गात मात्र आधी वीस पानांचा प्रकल्प अहवाल लिहायला सांगतात.

नवकल्पनेचंही असंच. शेवटच्या वर्षाचा 'रेडीमेड' प्रोजेक्ट विकत घेणारे विद्यार्थी सगळ्यांना माहीत आहेत. (त्या व्यवहारात खरा उद्योजक एकच असतो, प्रोजेक्ट विकणारा.) वास्तविक नवी कल्पना बहुतेकदा दोन जुन्या गरजांची गाठ घालण्यातून येते. महामार्गाला मुरूम-माती हवी, तलाव-नाल्यांतला गाळ काढायला पैसे नाहीत; तिथूनच माती घ्या, म्हणजे रस्ताही होईल आणि पाणीही साठेल. 'बुलडाणा पॅटर्न' म्हणून जे नावाजलं गेलं, ते इतकं साधं आहे. रोही पिकात शिरतात, वेचणीला मजूर मिळत नाही, हे आपल्या विद्यार्थ्याला घरूनच ठाऊक असतं. पुण्या-मुंबईच्या मुलाकडे नसलेलं हे भांडवल आहे.

शिकवायचं काय, याचंही उत्तर मिळालेलं आहे. टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात एका गटाला हिशेब, विक्री असं नेहमीचं शिकवलं, दुसऱ्याला पुढाकार घ्यायला, संधी हेरायला, अडचणीत टिकून राहायला. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे तीस टक्क्यांनी वाढला. पहिल्याच्या नफ्यात ठोस फरक दिसला नाही. अर्थात कर्ज, बाजार आणि वीज यांची जागा मनाची तयारी घेऊ शकत नाही. शेडनेटवाल्यालाही वादळाने फाटलेल्या जाळीचे पैसे खिशातून भरावे लागतात.

अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक द्यायचेच आहेत. प्राचार्यांना एवढीच विनंती, की ते श्रेयांक कागदी अहवालांवर उधळू नका. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जयंतीसाठी लाखभर माणसं येतात, पुस्तकांपासून खाण्यापर्यंतचे स्टॉल लागतात. पाच मुलांच्या गटाला दोन हजार रुपये द्या आणि एक स्टॉल लावू द्या. नफा त्यांचा, तोटा कॉलेजचा, आणि गुण कशाचे? गिऱ्हाईक का परतलं ते ओळखून दुपारनंतर काय बदललं, त्याचे.