लेन्सला पाणी लावू नका

आपल्या धर्मग्रामातील काही तरुण मुले-मुली चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. त्यांनी एक नियम कधीही मोडू नये: लेन्सला पाणी लावू नये. विहिरीच्या वा नळाच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सवरून तो बुबुळावरील पारदर्शक पडद्यात शिरला, तर जखम होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो. घरी केलेले मिठाचे पाणी व थुंकीही वर्ज्य समजावी.

हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स तळहातावर घेऊन तिच्यासाठी मिळणाऱ्या औषधी द्रावणाने हलके चोळावी, त्यानेच धुवावी व ताज्या द्रावणात ठेवावी. कालच्या द्रावणात भर घालू नये. ते ओतून द्यावे. डबीही द्रावणानेच धुऊन, पुसून उपडी वाळवावी आणि दर ३ महिन्यांनी बदलावी.

झोपताना, आंघोळीला, पोहायला जाताना लेन्स काढावी. फवारणी व मळणीच्या वेळीही ती नको. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रवैद्यांना दाखवावे. लेन्स व डबी सोबत न्यावी. दुकानातून मनानेच थेंब आणून घालू नयेत. दृष्टी ही देवाची देणगी; तिची निगा आपल्या हाती आहे.