पिंपातलं यीस्ट, नळीतला डीएनए

जानेवारी २०१६ मध्ये शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने आपल्या सर्वांत मानाच्या बिअरचे पैसे ग्राहकांना परत द्यायला सुरुवात केली. बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेल्या ‘बर्बन काउंटी’ मालिकेतली २०१५ची कॉफी स्टाउट आणि बार्लीवाइन आंबट लागत होती. तपासात नाव निघालं लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तांदळाच्या व्हिनेगरमधून शोधलेला हा जिवाणू. त्याची एक खोड अशी, की बिअरमध्ये तो जिवंत असूनही पोषक माध्यमावर वाढेनासा होतो. बशी कोरी दिसते आणि बाटली मात्र आंबट निघते.

 शिकागोजवळच्या रोझेलमध्ये १९७९ पासून लिनफ्रेड वाइनरी चालते. या पट्ट्यातल्या ब्रुअरीवाल्यांना आणि वाइनवाल्यांना जिवाणूंइतकीच धास्ती असते ती बिघाड करणाऱ्या यीस्टची. आणि हे यीस्ट पकडणं जास्त अवघड, कारण वाइन आणि बिअर मुळात यीस्टच बनवतं. चोर आणि राखणदार एकाच कुळातले.

वाइनमधला नामचीन चोर म्हणजे ब्रेटानोमायसिस. द्राक्षाच्या सालीतल्या आम्लांपासून तो ४-इथाइलफिनॉल तयार करतो आणि उत्तम रेड वाइनला तबेल्याचा, नाहीतर जखमेवरच्या पट्टीचा वास येतो. लिटरमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असलं तरी सरावलेल्या नाकाला ते कळतं. पण नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बशीत वाढवून बघावं तर ब्रेट अतिशय संथ. वसाहती दिसायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर पिंपातली वाइन थांबत नाही.

बिअरमधला चोर आणखी बेरकी. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे बिअरचं नेहमीचं यीस्ट, आणि डायस्टॅटिकस ही त्याचीच एक जात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसतात. फरक एका जनुकात, एसटीए-१ मध्ये. त्याच्या जोरावर हे यीस्ट ग्लुकोअमायलेज नावाचं विकर बाहेर सोडतं, आणि साध्या यीस्टने शिल्लक ठेवलेल्या डेक्स्ट्रिनची साखर करून खातं. बाटलीबंद बिअर पुन्हा आंबू लागते, वायूचा दाब वाढतो, झाकण काढताच फेस उसळतो, क्वचित बाटलीच फुटते. कोलोरॅडोतल्या लेफ्ट हँड ब्रुअरीला २०१६ मध्ये यापायी बिअर परत बोलवावी लागली. विरजण राखून ठेवावं तसं ब्रुअरीत एका घाण्याचं यीस्ट पुढच्या घाण्यासाठी वापरतात, त्यामुळे एकदा शिरलेला डायस्टॅटिकस पुढे पुढे जात राहतो.

इथे पीसीआर ही डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी कामाला येते. बिअरचा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवतात, बारीक मण्यांबरोबर घुसळून त्यांच्या भिंती फोडतात आणि डीएनए वेगळा करतात. बोटाच्या पेराएवढ्या नळीत तो, दोन प्रायमर (शोधायच्या जनुकाला जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे), विकर आणि चमकणारा रंग असे काही मायक्रोलिटर एकत्र होतात. यंत्र नळी ९५ अंशांपर्यंत तापवतं, ६० च्या आसपास आणतं, पुन्हा तापवतं. प्रायमर जुळला तर दर फेरीला तेवढा तुकडा दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. हे उकळतं तापमान सोसणारं विकर यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं.

पडद्यावरची रेषा आधी सपाट असते, मग एकदम उसळी घेते. ती कितव्या फेरीला उसळली त्यावर सगळं ठरतं. एका नमुन्याची २४ व्या आणि दुसऱ्याची ३४ व्या फेरीला उसळली, तर पहिल्यात डीएनए सुमारे हजार पट जास्त. सकाळी आलेल्या नमुन्याचं उत्तर संध्याकाळी हातात, म्हणजे बाटल्या भरायच्या की नाही ते त्याच दिवशी ठरवता येतं. वाइनमधलं ब्रेट या पद्धतीने मोजण्याचं काम कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या ट्रेव्हर फिस्टर आणि डेव्हिड मिल्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं.

तरी मी या यंत्राला अंतिम न्यायाधीश मानत नाही. जो प्रायमर टाकला तेवढंच ते पाहतं. ब्रेट शोधायला सांगितलं तर डायस्टॅटिकस शेजारून निघून जाईल. मेलेल्या पेशींचा डीएनएही ते मोजतं, म्हणून जिवंत-मृत वेगळे करायला पीएमए नावाचा रंग आधी घालावा लागतो. रेड वाइनमधलं टॅनिन विकराचं काम अडवतं. अशा वेळी ‘काही नाही’ हे उत्तर फसवं असू शकतं, म्हणून प्रत्येक नळीत माहितीतल्या डीएनएचं नियंत्रण हवंच. एसटीए-१ सापडलं म्हणजे बिअर बिघडणारच असंही नाही: २०१९ मध्ये दिसून आलं, की काही यीस्टमध्ये या जनुकाच्या प्रवर्तक भागातला ११६२ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो, आणि ती फारशी उपद्रवी नसतात. तेव्हा नळी आणि बशी दोन्ही लागतात.

नाशिकच्या वाइनवाल्यांना हे जास्तच लागू आहे. उष्ण हवेत द्राक्षातलं आम्ल उतरतं, पीएच चढतो आणि सल्फर डायऑक्साइडचा धाक कमी होतो. पीएच ३.४ असताना लिटरला ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर जे काम करतो, त्यासाठी ३.८ ला सुमारे ८० लागतो. इतका घालायला कोणी धजावत नाही, आणि घातला तरी काही ब्रेट मरत नाही, नुसतं निपचित पडतं. बशीत ते उगवत नाही. डीएनए मात्र सापडतो. म्हणून मॅलोलॅक्टिक किण्वन (वाइनमधलं आम्ल सौम्य करणारी दुसरी आंबवणी) संपल्यावर, सल्फर घालण्याआधी एकदा आणि बाटल्या भरण्याआधी पुन्हा एकदा तपासणी व्हावी, तीही प्रत्येक पिंपाची वेगळी. एका टाकीत सगळं ओतल्यावर नमुना घेतला तर कोणतं पिंप बाधित होतं ते कळायची सोयच उरत नाही.