आग्रह आणि पथ्य

गणेशोत्सवाच्या पंगतीत आग्रह करणे हा आपल्या पाहुणचाराचा अविभाज्य भाग होय. पाने वाढून झाल्यावर यजमान एकवार फिरला नाही, ‘आणखी एक घ्या’ म्हणाला नाही, तर जेवण कितीही रुचकर असो, ते कोरडेच वाटते. वाढणाऱ्याने आग्रह करावयाचा, जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरावयाचा आणि तरीही एक मोदक पानात पडावयाचा, हा गोड खेळ आपल्या पूर्वजांनी सातासमुद्रापलीकडून या मॉरिशस बेटावर आणला व पिढ्यान् पिढ्या जपला. परंतु हाच खेळ एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, हे मला काही वर्षांपूर्वी फार कठोरपणे शिकावे लागले. ती हकीकत आपणांपुढे मांडावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्या दिवशी पंगतीत वाढण्याचे काम माझ्याकडे होते. ओळीत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. काकडीची कोशिंबीर वाढू लागताच त्याने पानावर हात धरला व म्हणाला, “काका, मला नको. मला पिस्ताश चालत नाही.” भुईमुगाला आपल्या क्रेओल बोलीत पिस्ताश म्हणतात, आणि कोशिंबिरीत दाण्याचे कूट होतेच. मी हसून म्हणालो, “अरे, एवढ्याशा कुटाने काय होते? बाप्पाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये.” मुलगा संस्कारी होता. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द त्याने मोडला नाही. त्याने एक घास खाल्ला.

थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने पिशवीतून ॲड्रेनॅलिनची सुई काढली व त्याच्या मांडीत टोचली. मग त्याला इस्पितळात नेले. ती रात्र त्याने तेथेच डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढली. ईश्वरकृपेने, आणि त्याहूनही अधिक त्या माउलीच्या सावधपणाने, मुलगा वाचला. मात्र त्यानंतर तो आपल्या पंगतीत कधी बसला नाही. ही सल माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

त्या रात्री मंडपात जी बोलणी झाली, तीही सांगण्याजोगी आहेत. कोणी म्हणाले, “हल्लीची मुलेच नाजूक.” कोणी म्हणाले, “आईने लाडावून ठेवले आहे.” एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “आमच्या वेळी असले काही नव्हते.” असे बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. तीही माझ्यासारखीच अजाण होती.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, न सोसणारे अन्न तीन निरनिराळ्या प्रकारचे असते. ॲलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती शेंगदाणा, तीळ, कोळंबी, अंडे अशा निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते व त्यावर तुटून पडते. येथे कणभर अन्नही घातक ठरू शकते. दूध न पचणे हा दुसरा प्रकार. दुधातील साखर पचविणारा पाचक रस बालपणानंतर जगातील बहुसंख्य माणसांत कमी होतो. त्यामुळे बासुंदीने पोट बिघडते, पण प्राणावर बेतत नाही. तिसरा प्रकार सीलिॲक रोगाचा. त्यात गव्हातील ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करीत राहते. अशा माणसाला आपली लाडकी दालपुरी तर वर्ज्यच. शिवाय बाजारातील कित्येक हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून हिंगाची फोडणी दिलेले साधे वरणही त्याला विचारूनच वाढावे लागते.

‘आमच्या वेळी नव्हते’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. कित्येक देशांत मुलांमधील अशा ॲलर्जी गेल्या काही दशकांत वाढल्या आहेत. परंतु रोग मुळीच नवा आहे असे नव्हे. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॉल पोर्तिए याच्यासह अशा जीवघेण्या प्रतिक्रियेचे वर्णन 1902 साली प्रसिद्ध केले व त्या संशोधनासाठी त्याला 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने 1906 साली योजिला. त्यापूर्वी ज्यांना असा त्रास झाला असेल, त्यांच्या दुखण्याला हे नाव नव्हते, एवढेच.

मग नकाराचा आपणांस एवढा राग का येतो? माझ्या मते त्याचे मूळ आपल्या इतिहासात आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुईला लागले व त्यानंतरच्या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आले. मुंबई बंदरातून आलेले आपले मराठी पूर्वज त्यांतच होते. उसाच्या मळ्यावर मोजून मिळणाऱ्या तांदूळ-डाळीवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या घरी अन्नाला ‘नको’ म्हणणे हे पाप ठरले, यात नवल नाही. त्या भुकेच्या आठवणीचा मी आदरच करतो.

परंतु त्याच मळ्यावरची दुसरीही एक आठवण आहे. परवानगीवाचून एक दिवस गैरहजर राहिलेल्या मजुराची दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत तेथे होती. ‘आज अंग चालत नाही’ असे म्हणणारा मजूर कामचुकार ठरण्याची भीती नित्याचीच. स्वतःच्या शरीराविषयी आपण जे सांगतो ते कोणी खरे मानीत नाही, या दुःखाची ओळख आपल्याहून अधिक कोणाला असावी? आणि आपणच एका बालकाला ‘तुझे सोंग आहे’ म्हणावे काय?

वस्तुतः नकाराचा मान राखणे आपल्या संस्कृतीला नवे नाही. चतुर्थीचा उपवास करणाऱ्याला आपण भाताचा आग्रह करीत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या आजींचा स्वयंपाक आपण निराळा ठेवतो. अमुक अन्न अमुक शरीराला मानवते व अमुक मानवत नाही, हा सात्म्य-असात्म्याचा विचार आयुर्वेदातच सांगितलेला आहे. जो मनाने व्रत घेतो, त्याचे पथ्य आपण पूज्य मानतो. मग ज्याच्यावर शरीरानेच व्रत लादले आहे, त्याची थट्टा का व्हावी?

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ‘लहानपणी सगळे खाऊ घातले की काही होत नाही’ या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याला शास्त्राने एका परीने दुजोरा दिला आहे. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या 640 तान्ह्या मुलांवर लंडन येथे केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी पाहता, शेंगदाणा पूर्ण टाळलेल्या मुलांत ती ॲलर्जी 17.2 टक्के आढळली. लहान वयापासून तो नियमित खाल्लेल्या मुलांत ती केवळ 3.2 टक्के होती. परंतु हा उपाय ॲलर्जी होऊ नये म्हणून आहे, आणि अंगावर तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत तोही डॉक्टरांना विचारूनच करावा. ज्याला ॲलर्जी जडलेली आहे, त्याला घरच्या घरी ‘थोडे थोडे’ चारून पाहणे म्हणजे विस्तवाशी खेळ होय.

तिळाचेही तसेच. 2016 साली नताशा एडनन-लापेरूझ ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावातील तिळाने दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या मातापित्यांच्या प्रयत्नाने ब्रिटनमध्ये नियम बदलला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच तयार करून बांधून ठेवलेल्या अशा खाद्यपदार्थांवरही सर्व घटक लिहिणे सक्तीचे झाले. संक्रांतीला तिळगूळ वाटताना आपण ही गोष्ट स्मरणात ठेवावी.

आपल्या मंडळांना यासाठी फार खर्च पडणार नाही. पंगतीच्या दाराशी फळ्यावर प्रत्येक पदार्थातील दाणे, तीळ, काजू, दूध, गहू यांची नोंद मराठीत व क्रेओलमध्ये करावी. भारतातून आलेल्या आचाऱ्याला ‘पिस्ताश’ म्हणजे पिस्ता नव्हे, हे आवर्जून सांगावे. कूट वरून घालण्यासाठी वेगळे ठेवावे व प्रत्येक पातेल्याला स्वतंत्र पळी असावी. प्रसादात एखादे साधे फळ असू द्यावे. श्वास लागल्यास ॲड्रेनॅलिन हाच पहिला उपाय आहे, साध्या गोळीवर विसंबू नये, हे दोन-चार कार्यकर्त्यांना तरी ठाऊक असावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणी ‘नको’ म्हटले तर ‘का?’ असे दरडावून न विचारता ‘मग काय वाढू?’ असे विचारावे. आग्रह सोडा असे माझे म्हणणे नाही. त्याचा रोख तेवढा बदलू या. जेवणाऱ्याने पोटभर, आनंदाने आणि निर्भयपणे जेवावे, एवढाच आग्रह आपण धरू या. त्या मुलाच्या आईला मी यंदा स्वतः जाऊन आमंत्रण दिले आहे आणि स्वयंपाकाची यादी तिच्या हाती ठेवली आहे. तो पुन्हा पंगतीत येऊन बसला, तर त्याच्या पानात काय पडेल ते तोच सांगेल, आणि मी मुकाट्याने वाढीन.