सायंकाळचा भोंगा आणि मनाची एकाग्रता

अभ्यासाला बसावे आणि मन भलतीकडेच जावे, ही तक्रार विद्यार्थिदशेइतकीच जुनी आहे. रस्त्यावरील वरात, अंगणातील खेळ, शेजारच्या घरचा रेडिओ यांनी पूर्वीच्या विद्यार्थ्यांचीही परीक्षा पाहिली. परंतु वरात गल्लीतून पुढे निघून जात असे आणि रेडिओ शेजारच्या घरीच राहत असे. आजचे व्यवधान मात्र तळहातात मावते, रात्री उशाशी निजते आणि कोणी हाक मारली नसतानाही आपले लक्ष वेधून घेते. स्मार्टफोन हे त्याचे नाव. त्याला दूषणे देऊन स्वस्थ बसणे सोपे आहे. पण तो आपले अवधान कोणत्या मार्गाने हिरावून घेतो आणि ते परत कसे मिळवता येते, हे समजून घेणे अधिक हिताचे होय.

प्रथम अवधानाचा स्वभाव पाहू. विचार करावा लागेल असे काम मन एका वेळी एकच नीट करू शकते. आपण दोन कामे एकदम करीत आहोत असे वाटते, तेव्हा वस्तुतः मन त्या दोहोंमध्ये घाईघाईने येरझारा घालीत असते. आणि प्रत्येक खेपेस पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो. सोफी लरॉय या अमेरिकेतील संशोधिकेने २००९ साली या रेंगाळणाऱ्या अंशास ‘अवधानाचा अवशेष’ अशा अर्थाचे नाव दिले. समजा, भूमितीचे प्रमेय सोडवीत असता मध्येच मित्राचा निरोप वाचला. वाचण्यास फार तर दहा सेकंद लागली. परंतु फोन खाली ठेवल्यावरही ‘याला काय उत्तर द्यावे?’ हा विचार मनाच्या एका कोपऱ्यात चालूच राहतो. प्रमेयाची तुटलेली साखळी पुन्हा पहिल्या कडीपासून जोडावी लागते. अशी साखळी तासाभरात दहा वेळा तुटली, तर तो तास घड्याळात भरेल, पण अभ्यासात भरणार नाही.

मग आपण पुनःपुन्हा फोनकडे वळतो तरी का? बी. एफ्. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळ टोचताच ठरल्याप्रमाणे दाणा मिळणे निराळे, आणि कधी मिळेल, कधी मिळणार नाही अशी अनिश्चितता असणे निराळे. या अनिश्चिततेतच कबुतर अधिक चिकाटीने कळ टोचीत राहते, आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. फोनचेही असेच आहे. दर वेळी काही गमतीचे आढळतेच असे नाही. कधी आढळते, म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो. तेव्हा ज्या मुलाला हा मोह आवरत नाही, तो मुळातच आळशी किंवा वाईट आहे, असे समजण्याचे कारण नाही. मोह निर्माण व्हावा अशीच या साधनावरील अनेक करमणुकींची रचना असते.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख करणे उपयुक्त होईल. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली काही जणांना बुद्धीची कामे करावयास दिली. काहींचे फोन समोर मेजावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत, तर काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले होते. सर्वांचे फोन मुके केलेले होते. तरीही ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते, त्यांची कामगिरी मेजावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि वस्तू दृष्टीआड ठेवली की तिच्याकडे हात जाण्याचा प्रसंगच कमी येतो, एवढे तर कोणासही पटेल.

आता प्रयोगशाळेतून आपल्या शेजारच्या मुलखाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिकवणी फोनवरून होऊ लागली. शाळा पुन्हा उघडल्या, पण मुलांच्या हातचा फोन काही सुटेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते व ग्रामस्थ यांनी विचारविनिमय करून १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम सुरू केला. रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजे. तो वाजताच घरोघरी फोन आणि दूरदर्शन संच बंद होत. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा असे. ही गोष्ट सर्वांना पटवून देण्यासाठी शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. पुढे २०२५ साली, धारवाडहून बेळगावला जाताना महामार्गालगत लागणाऱ्या हलगा या गावानेही हाच धडा गिरवला. तेथे सायंकाळी सात ते नऊ ही वेळ ठरविण्यात आली.

या भोंग्यात विशेष ते काय? एक म्हणजे, त्याने वेळ निश्चित केली. ‘थोड्या वेळाने ठेवतो’ या सबबीला जागाच उरली नाही. दुसरे म्हणजे, नियम लहानमोठ्या सर्वांना सारखाच लागू झाला. मुलगा पुस्तक उघडून बसला आहे आणि वडील त्याच खोलीत चित्रफिती पाहून हसत आहेत, अशा घरात उपदेशाचे मोल ते किती राहणार? शिवाय सर्व मित्रांचे फोन एकाच वेळी बंद असल्यामुळे ‘आपल्यावाचून काही राहून तर जात नाही ना?’ ही रुखरुखही नाहीशी होते. एकट्याच्या मनोनिग्रहावर जे ओझे पडले असते, ते सर्वांनी मिळून उचलले, हेच त्या योजनेचे मर्म होय.

फोनपासून दूर राहिल्याने एकदा विस्कटलेले लक्ष पुन्हा सावरते काय, असे कोणी विचारील. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६७ प्रौढ व्यक्तींनी भाग घेतला होता. दोन आठवडे त्यांच्या फोनवरील इंटरनेट बंद ठेवावयाचे होते. बोलणे आणि साधे संदेश पाठविणे यांस मात्र मोकळीक होती. पुष्कळांना हा नियम पूर्णपणे पाळता आला नाही. तरीही दीर्घकाळ लक्ष टिकविण्याची शक्ती वाढल्याचे आणि मनही अधिक प्रसन्न झाल्याचे आढळून आले. यात दुहेरी दिलासा आहे. गमावलेले अवधान परत मिळू शकते. आणि एखादे दिवशी नियम मोडला, म्हणून सारे व्यर्थ जात नाही.

एकाग्रतेचा आदर्श शोधण्यासाठी हुबळी-धारवाडकरांना दूर जावयास नको. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात आणि सवाई गंधर्वांपाशी गाणे शिकत. एकेक स्वरसमूह गळ्यावर चढेपर्यंत घोटावयाचा, ही त्या काळच्या तालमीची रीत. प्रत्येक आवर्तनास मध्येच कोणी खंड पाडला असता, तर तो स्वर गळ्यात मुरला असता काय? गणित, व्याकरण आणि शास्त्र यांचाही असाच रियाज असतो.

फोन अजिबात वर्ज्य करा, असे येथे सुचवावयाचे नाही. गृहपाठाच्या सूचना, शिक्षकांच्या चित्रफिती, दूरच्या आप्तांची खुशाली यांसाठी तो आज लागतोच. तेव्हा त्यास वेळेच्या आणि जागेच्या मर्यादेत ठेवावे. शाळेचे निरोप ठरावीक वेळी एकदाच पाहून वहीत उतरवून घ्यावेत. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत फळीवर ठेवावा. पहाटेच्या गजरासाठी साधे घड्याळ वापरावे, म्हणजे फोन उशाशी घेण्याचे कारण उरणार नाही. वाचताना एखादी शंका आली, तर ती कागदावर टिपून ठेवावी आणि अभ्यास संपल्यावर एकदम शोधावी. आरंभ अर्ध्या तासाने केला तरी पुरे. पहिले काही दिवस हात सवयीने फोन शोधील. त्याने खचून जाऊ नये.

मात्र झोप, जेवण आणि शाळा यांचीही शुद्ध राहू नये इतका हा नाद वाढला असेल, तर पालकांनी रागावण्यापेक्षा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ साली याच कामासाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. धारवाडातही मानसिक आरोग्याची शासकीय संस्था आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गल्लीत भोंगा नसेल. पण घरातल्या भिंतीवर घड्याळ तर आहे! आज रात्री जेवणाच्या वेळी आईवडिलांपुढे ही गोष्ट काढा आणि सर्वांना मानवेल अशी एक वेळ ठरवा. त्या वेळी घरातील सारे फोन एका फळीवर शेजारी शेजारी विसावू द्या. हाती आलेल्या त्या शांत तासाचे काय करावयाचे, हे मग तुमचे तुम्हीच ठरवा.