जिंकल्याचं दुःख

२० डिसेंबर २०२०, रविवारची संध्याकाळ. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी टीव्हीसमोर चिरंजीव डोकं धरून बसले होते. हरले वाटतं, म्हणून मी समजूत घालायला गेलो.

''जिंकले, बाबा! तेच तर!''

मी चक्रावलोच. अमेरिकन फुटबॉलमधला त्याचा लाडका संघ, न्यूयॉर्क जेट्स, त्या हंगामात ओळीने १३ सामने हरला होता. चौदाव्या सामन्यात त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सना त्यांच्याच मैदानावर २३-२० असं हरवलं होतं. आता पेढे वाटायचे की सुतक पाळायचं?

त्याचं गणित निराळं होतं. तिथे दरवर्षी महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. पंगतीत जो सर्वांत उपाशी, त्याला आधी वाढायचं, असा हा न्याय. त्या वर्षी पहिली निवड ट्रेव्हर लॉरेन्स या क्वार्टरबॅकची होणार, असं सगळेच धरून चालले होते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू हाती येताच कुणाकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तो चांगला मिळाला, की दहा-पंधरा वर्षांची ददात मिटते. जेट्सचं शेवटचं अजिंक्यपद जानेवारी १९६९ मधलं. तेव्हा भूक समजण्यासारखी होती. पण या एका विजयाने पहिला हक्क जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे सरकला.

''मग काय मुद्दाम हरायचं?'' मी विचारलं.

''मुद्दाम नाही हो. फक्त जिंकायचं नाही!''

''अरे, शेवटी मोक्याचा झेल घेणारा तो फ्रँक गोर ३७ वर्षांचा आहे. तुझा लॉरेन्स येईल तेव्हा तो संघात तरी असेल का? ज्याच्यापाशी फक्त आजच उरलाय, त्याला आज हर म्हणून कुणी सांगायचं?''

तो शांतपणे म्हणाला, ''बाबा, तुम्हीच तर मला रोज सांगता. आजचं सोड, पुढचं बघ.''

मी गप्प झालो. बास्केटबॉल बंद, चित्रकला बंद, 'एकदा चांगल्या कॉलेजात जा, मग आयुष्य पडलंय', हे पालुपद माझंच होतं.

पुढे काय झालं? २०२१ मध्ये लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला. जेट्सनी दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेतलं. त्याचा जम बसला नाही आणि २०२४ मध्ये त्याला डेन्व्हरला धाडलं. आणि रॅम्सविरुद्ध जिंकून देणारा, हाताशी असलेला सॅम डार्नोल्ड? त्याला २०२१ मध्येच कॅरोलिनाला देऊन टाकलं होतं. २०२४ च्या हंगामात त्याच डार्नोल्डला घेऊन मिनेसोटाने १७ पैकी १४ सामने जिंकले!

उद्यासाठी आज थोडं सोसावं लागतं, हे मला अजूनही पटतं. पण उद्याचा भरवसा कुणी द्यायचा? आणि नव्या सूत्रधाराच्या नादात हातचा माणूस नीट पाहायचा राहून जातो, तो राहतोच.

त्या रात्री मी माळ्यावरून त्याची रंगांची पेटी काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. अर्धे रंग वाळून गेले होते. उरलेल्यांवर त्याने काम भागवलं.