स्क्रीन काळी झाली म्हणून फॉरमॅट?

उबुंटू अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि डेस्कटॉपच्या जागी नुसती काळी स्क्रीन. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांना हा प्रसंग ओळखीचा असतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला: ‘फॉरमॅट मार.’

बहुतेक वेळा त्याची गरज नसते. लिनक्समध्ये डेस्कटॉप हा कर्नलच्या वर चालणारा वेगळा प्रोग्राम असतो. तो कोसळला तरी खालचं सगळं अनेकदा चालूच राहतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून पाहा. लॉगिन मागणारं टर्मिनल आलं, तर फायली शाबूत आहेत असं समजायला हरकत नाही, आणि पुढची दुरुस्तीही तिथूनच करता येते.

‘कार्ड उडालं’ हा दुसरा घाईचा निष्कर्ष. कार्डच बिघडलं असेल, तर बायोसच्या स्क्रीनवरही रेघा-ठिपके दिसू शकतात. काल ठीक होतं आणि अपडेटनंतर बिनसलं, तर आधी ड्रायव्हरकडे बघावं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. त्याचं मॉड्यूल प्रत्येक कर्नल-आवृत्तीसाठी वेगळं लागतं. डीकेएमएस वापरत असाल तर ते मॉड्यूल तुमच्याच मशीनवर तयार होतं, आणि त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फायली हव्यात. त्या नसतील तर नवं कर्नल येतं, मॉड्यूल मात्र येत नाही. म्हणून ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुनं कर्नल निवडून बूट करावं. डेस्कटॉप आला, तर दोष कुठे आहे ते कळलंच. माझ्या मते ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे, आणि नेमकी हीच लोक शेवटी करतात.

कधी मॉड्यूल असतं, पण त्यावर विश्वासार्ह डिजिटल सही नसते आणि सिक्युअर बूट चालू असल्यामुळे कर्नल ते नाकारतं. ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला ‘एनरोल मॉक’ (म्हणजे त्या सहीची किल्ली नोंदवणं) विचारणारी निळी स्क्रीन येते ती याचसाठी. ती काही सेकंदच थांबते, आणि बरेचजण ती न वाचता पुढे जातात.

‘कंपनीच्या साइटवरचा सर्वांत नवा ड्रायव्हर चांगला’ ही विंडोजची सवय. तो इन्स्टॉलर उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेला बगल देतो; दोन्हीकडच्या फायली एकमेकींत मिसळल्या की निस्तरणं कठीण. शिवाय जीटीएक्स ६८० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० मालिकेपुढचा ड्रायव्हर चालतच नाही. उबुंटू सुचवतं तोच ड्रायव्हर घ्यावा.

‘नोमोडसेट’ हा बूट-पर्यायही इलाज नाही. त्याने कसाबसा डेस्कटॉप दिसतो, पण कार्डाची ताकद वापरली जात नाही. ड्रायव्हर नीट बसला की हा पर्याय काढून टाकावा.

आणि पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनच समोर येत असेल, तर दर वेळी ड्रायव्हरला दोष देऊ नका. डिस्क काठोकाठ भरली असली तरी हेच होतं. टर्मिनलमधून जागा पाहा. जुने लॉग आणि डाउनलोड उडवूनही काम भागतं.